फोटो दिसतो, पण तो आपल्याजवळ आहे का?

"मोबाईलमध्ये आहे ना, मग काळजी कशाला?" हे वाक्य आज आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी ऐकू येते. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे? मोबाईलमध्ये. आजोबांचा एकुलता एक फोटो? तोही मोबाईलमध्ये. जातीचा दाखला, रेशनकार्ड, बाळाच्या लसीचे कार्ड, लग्नातली छायाचित्रे, सारे काही मोबाईलमध्ये. पूर्वी हीच संपत्ती पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली असे. त्या पेटीची एक गोष्ट मात्र चांगली होती. झाकण उघडले की कागद आहे की नाही हे तत्काळ कळत असे. मोबाईलच्या पडद्यावर जे दिसते ते मोबाईलमध्ये असतेच असे नाही, आणि ही गोष्ट चांगल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. तिची किंमत काय पडते ते आम्हाला आंबेगाव तालुक्यातील आहुपे या गावी पाहावयास मिळाले.

आहुपे हे गाव तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेले आहे. घोड नदीचा उगम याच परिसरात. पुढे तिच्यावर डिंभे येथे धरण झाले आहे. गावच्या कड्यावर उभे राहिले की खाली ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. आहुपे घाटाची जुनी वाट खाली खोपिवलीस उतरते. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी, वरई ही पिके आणि जोडीला हिरडा. पावसाळ्यात धबधबे पाहण्यासाठी मुंबई-पुण्याची मंडळी मोठ्या संख्येने येतात आणि कड्यावर उभी राहून फोटो काढतात. आहुप्याच्या ढगांचे फोटो शहरातल्या कितीतरी मोबाईलमध्ये असतील. खुद्द आहुपेकरांच्या मोबाईलमध्ये काय आहे आणि काय नाही, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

आम्ही काही कार्यकर्ते सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे व दाखल्यांचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला कागदाची ओळख असते, तिचा गोरगरिबांच्या मुलांना उपयोग व्हावा एवढाच त्यात हेतू. या कामात जातपात पाहायची नसते. आदिवासी मुलाच्या आणि बौद्ध मुलाच्या अर्जाला लागणारे कागद बहुतेक सारखेच आणि हेलपाटेही सारखेच. म्हणून आहुप्यास जाणे झाले.

तेथे बारावी झालेला एक मुलगा भेटला. पुढच्या शिक्षणासाठी त्याला जमातीच्या दाखल्याची वैधता हवी होती. वैधतेसाठी जुना पुरावा लागतो. त्याच्या आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव घाटाखालच्या एका शाळेच्या रजिस्टरमध्ये होते आणि त्यापुढे जमातीची नोंद होती. कल्याणकडे कामाला असलेल्या चुलत्याने खटपट करून त्या नोंदीचा उतारा मिळविला, मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि पुतण्याला पाठविला. पुढे चुलत्याने खोली बदलली आणि त्या धावपळीत मूळ उतारा गहाळ झाला. तरी घरात कोणालाही चिंता वाटली नाही, कारण फोटो होता. "सर, थांबा, दाखवतो," असे म्हणून मुलाने मोबाईल उघडला. फोटो दिसत होता खरा, पण धुक्यातून पाहावा तसा. मधोमध खाली वळलेला एक बाण होता.

मोबाईलचा नेट पॅक वाचावा म्हणून त्याने फोटो आपोआप उतरण्याची सोय बंद ठेवली होती. घरात रेंज येत नव्हती. तो अंधुक चौकोन तो वर्षभर पाहत होता आणि फोटो आपल्याजवळ आहे असे समजत होता. रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन त्याने बाणावर बोट ठेवले. उत्तर आले की फोटो आता उपलब्ध नाही, पाठविणाऱ्याला पुन्हा पाठविण्यास सांगा. चुलत्याला फोन केला, तर त्याचा जुना मोबाईल पाण्यात भिजून कधीच बंद पडलेला. त्याच्या आईने एवढेच विचारले, "दादा, मग इतके दिवस आम्ही बघत होतो ते काय होतं?"

शाळेचे रजिस्टर शाबूत होते म्हणून पुन्हा अर्ज करून उतारा मिळाला. त्यात महिनाभर गेला आणि प्रवेशाच्या पहिल्या फेरीची मुदत तोवर उलटून गेली.

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरात माहीत असावयास हवे. समोरच्या माणसाने फोटो पाठविला की तो थेट आपल्या मोबाईलमध्ये येत नाही. तो आधी त्या कंपनीच्या दूरच्या संगणकावर जातो. आपल्याकडे प्रथम फक्त त्याचा पुसट नमुना येतो, टपालवाल्याने पार्सल न देता पार्सल आल्याची चिठ्ठी टाकावी तसा. आपण बाणावर बोट ठेवतो तेव्हा खरा फोटो उतरतो. यालाच डाउनलोड म्हणतात. दूरचा संगणक हे पार्सल कायम सांभाळीत नाही. व्हॉट्सॲपच्या बाबतीत, आपल्या मोबाईलपर्यंत पोचलाच नाही असा निरोप ३० दिवसांनंतर काढून टाकला जातो. निरोप पोचला पण फोटो उतरविला नाही, तर तो फोटोही काही काळच मागे राहतो. शिवाय २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी निरोप आपोआप पुसण्याची सोय त्यात आहे. ती कोणी चालू करून ठेवली असेल तर फोटो संवादातून आपोआप नाहीसा होतो. 'स्टेटस'ला लावलेले चित्र तर २४ तासांतच जाते.

आमच्या वाचकांपैकी काहींना वाटेल की हा डोंगरातल्या लोकांचा प्रश्न आहे, आमच्या वस्तीत टॉवर समोरच आहे. त्यांनी जरा आपल्या घरातल्या कागदांचा विचार करावा. जातवैधतेसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जमातींसाठी ती तारीख ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. बौद्धांना केंद्र सरकारच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, पण पुरावा मात्र आजोबा-पणजोबांच्या काळातला, धर्मांतरापूर्वीच्या नोंदीचा द्यावा लागतो. ज्या पिढीला शाळेच्या उंबरठ्यावर बसविले गेले त्या पिढीचा शाळेचा दाखला शोधायचा! नाही मिळाला तर गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यातील जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. नाही तर वतनाच्या जमिनीचे कागद. अशा एखाद्या नोंदीसाठी आपल्या लोकांनी किती एसटीचे प्रवास केले आणि किती दिवसांची रोजी बुडविली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आणि हाती आलेला तो कागद आपण भावाला, मेव्हण्याला, भाचीला व्हॉट्सॲपवर पाठवितो आणि निर्धास्त होतो. एकाच आजोबांच्या कागदावर चार घरांतील मुलांचे प्रवेश अवलंबून असतात, हे ध्यानात घ्यावे.

निगेटिव्ह जपा

ज्यांनी स्टुडिओत जाऊन फोटो काढले आहेत त्यांना निगेटिव्ह ठाऊक असेल. स्टुडिओवाला निगेटिव्ह जपून ठेवायचा, आणि ती असली की पाहिजे तितक्या प्रती निघायच्या. प्रतीवरून काढलेली प्रत मात्र फिकी यायची. मोबाईलमध्येही हेच आहे. कॅमेऱ्याने काढलेली पहिली फाइल ही निगेटिव्ह समजावी. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने फोटो पाठविला की तो हलका करून पाठविला जातो. नेट कमी जळावे म्हणून त्यातील बारीक तपशील गाळला जातो. नातवाच्या हसऱ्या चेहऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. पण जुन्या मोडी किंवा बाळबोध हस्ताक्षरातील नोंद, तलाठ्याचा शिक्का, अनुक्रमांक यांचे मात्र वाटोळे होते. मोठे करून पाहावे तर अक्षरांचे नुसते डाग दिसतात.

यावर उपाय अगदी सोपा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. कागदाचा फोटो पाठविताना 'फोटो' म्हणून न पाठविता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. संवादाच्या खाली पेपर-क्लिपचे चिन्ह असते, तेथे हा पर्याय सापडतो. अशा रीतीने मूळ फाइल जशीच्या तशी जाते. २०२३ पासून फोटो पाठविताना वर 'एचडी' असेही दिसते. ते दाबल्यास साध्या फोटोपेक्षा बराच स्पष्ट जातो, पण कागदपत्रांसाठी डॉक्युमेंटच बरे.

फोटो काढतानाही थोडी काळजी घ्यावी. कागद जमिनीवर किंवा पाटावर सपाट ठेवावा. दारात, सावलीतल्या उजेडात काढावा. फ्लॅश मारला की शिक्क्यावर चकाकी येते आणि नेमका शिक्काच दिसत नाही. चारही कोपरे आले पाहिजेत. मागील बाजूस काही लिहिले असेल तर तिचाही फोटो घ्यावा. पुष्कळदा नक्कल दिल्याची तारीख आणि सही मागेच असते.

'स्क्रीनशॉट' या प्रकाराविषयी आमचे मत वाईट आहे. मुले येता-जाता स्क्रीनशॉट मारतात. स्क्रीनशॉट म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्याचा फोटो. पडद्यावर पुसट असेल तर पुसटच निघणार, वर घड्याळ आणि बॅटरी येणार ती वेगळीच. दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा तो घ्यावा. सरकारी दाखला पीडीएफ स्वरूपात आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन मूळ फाइल पुसणे हा निव्वळ अविचार होय, कारण अधिकाऱ्याची डिजिटल सही त्या फाइलमध्ये असते. चित्रात उरते ते सहीचे नुसते रूप.

फोटो उतरविला, पुढे काय? तो मोबाईलमध्ये नेमका कुठे बसला हे पाहावे. व्हॉट्सॲपवरून उतरविलेले फोटो गॅलरीमध्ये त्याच नावाच्या कप्प्यात जातात. इंटरनेटवरून उतरविलेले 'डाउनलोड्स'मध्ये. काही ॲप मात्र फोटो स्वतःच्या पोटात ठेवतात. ते ॲप काढून टाकले की फोटोही जातो. म्हणून 'सेव्ह' केल्यावर ॲप बंद करावे, मोबाईलचे नेट बंद करावे आणि गॅलरीतून तो फोटो उघडून पाहावा. नेट बंद असताना स्वच्छ उघडला, मोठा करून अक्षरे वाचता आली, तरच तो आपल्याजवळ आहे असे समजावे. ही परीक्षा आम्ही आहुप्यातील मुलांना करून दाखविली तेव्हा तीन-चार जणांच्या मोबाईलमधून असे अंधुक चौकोन बाहेर पडले. घोडेगावला बाजाराला किंवा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीत कामाला आले की तेथे चांगल्या रेंजमध्ये सगळे उतरवून घ्यायचे आणि नेट बंद करून तपासूनच वरची गाडी धरायची, असे त्या मुलांनी आपसांत ठरविले.

नावाचाही विचार हवा. व्हॉट्सॲपने उतरविलेल्या फोटोला मोबाईल स्वतःच नाव देतो: आधी 'आयएमजी', मग तारखेचे आठ आकडे, मग 'डब्ल्यूए' आणि क्रमांक. ती तारीख फोटो आला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नव्हे. शिवाय साध्या रीतीने पाठविताना फोटो कधी व कुठे काढला याची आतली नोंदही निघून जाते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी लोकांना पुढे कितीतरी काळ पाठपुरावा करावा लागला. अशा वेळी उन्मळलेल्या झाडाचा मूळ फोटो, तारखेसकट, ज्याच्या मोबाईलमध्ये शाबूत आहे त्याच्या शब्दाला वजन येते. फिरून फिरून आलेल्या फोटोवर, हा कुठला, कधीचा, असे कोणीही विचारू शकतो. तेव्हा 'रीनेम' करून मराठीत साधे नाव द्यावे: 'आजोबा शाळा नोंद', 'आई जन्मनोंद', 'खाचर बांध फुटला'. हजार फोटोंमधून ते नावाने शोधता येते.

चौदा एप्रिलची गर्दी

खेदाने म्हणावे लागते की महत्त्वाचे फोटो हरवण्याचे सर्वांत मोठे कारण आपले बिनमहत्त्वाचे फोटो हे आहे. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, अशोक विजयादशमी, बुद्ध पौर्णिमा या दिवशी प्रत्येक ग्रुपवर तेच तेच चित्र पन्नास वेळा येते. रोजचे 'शुभ सकाळ' वेगळेच. बाबासाहेबांविषयी आदर असावा हे सांगावयास नको, पण एकच चित्र पन्नास वेळा साठविल्याने तो आदर पन्नास पटींनी वाढत नाही. मोबाईल मात्र भरून जातो. मग 'स्टोरेज फुल' असे येते, घरातला एखादा मुलगा त्रासून अख्खा कप्पाच पुसून टाकतो आणि त्या शुभेच्छांबरोबर आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा कागदही जातो.

ग्रुपवरील फोटो आपोआप उतरण्याची सोय बंद ठेवावी आणि हवा तो फोटो तेवढा बाणावर बोट ठेवून उतरवावा. आहुप्याच्या मुलाने पहिली गोष्ट केली होती, दुसरी राहून गेली. या दोन्हींची जोडी आहे.

जे जपायचे ते कसे जपतात याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. त्या काळी फिल्मचे रीळ महाग आणि कॅमेरा दुर्मीळ. तरीही एका माणसाला वाटले की हे टिपले पाहिजे आणि टिकले पाहिजे. आज आपल्या मोबाईलवर त्या जनसागराची जी दृश्ये फिरतात, ती पाहताना हे नाव किती जणांना आठवते? आपण तर बोटाच्या एका स्पर्शाने चित्र टिपतो आणि दुसऱ्या स्पर्शाने गमावतो.

एकाच पेटीत सर्व काही

डिंभ्याच्या वरच्या खोऱ्यात, आहुप्याच्याच बाजूला, माळीण हे गाव आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी तेथे डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. एसटीचा चालक गाडी घेऊन तेथे आला, तेव्हा नेहमीच्या जागी गाव नाही हे त्याच्या ध्यानी आले. जेथे घरे गेली तेथे पेट्या गेल्या, भिंतीवरच्या तसबिरी गेल्या. मागे राहिलेल्या माणसाला आपल्या माणसाचा चेहरा पाहावासा वाटला तर त्याने कुठे पाहावा? ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगावही डिंभे धरणाच्या पाण्यात गेले आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या मंदिरांचे दगड उघडे पडतात. घरांचे काही उरलेले नाही. म्हणून एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे, मग ती पेटी पत्र्याची असो की मोबाईलची. मोबाईल तर हरवतो, चोरीस जातो, पाण्यात पडतो, आणि बाळाच्या हातून जमिनीवरही आपटतो.

दुसरी जागा कोणती? सरकारी दाखल्यांसाठी 'डिजिलॉकर' आहे. ही केंद्र सरकारची सोय २०१५ साली सुरू झाली. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, वाहन परवाना हे त्यात मिळतात. येथे एक फरक नीट समजून घ्यावा. ज्या खात्याने दाखला दिला त्यानेच डिजिलॉकरमध्ये पाठविलेला कागद असेल, तर २०१७ च्या नियमानुसार तो मूळ कागदासारखा मानला जातो. आपण स्वतः फोटो काढून तेथे चढविलेला कागद हा मात्र फोटोच राहतो. १९५० पूर्वीच्या आजोबांच्या नोंदीचा फोटो कितीही स्वच्छ असला तरी त्याने मूळ नकलेची जागा भरून निघत नाही. त्याचा उपयोग हा की कोणत्या शाळेत, कोणत्या सालच्या रजिस्टरमध्ये, कितव्या क्रमांकावर नोंद आहे हे हाताशी राहते आणि नक्कल हरवली तर पुन्हा काढता येते. ज्याच्याजवळ क्रमांक नाही त्याला कारकून "उद्या या" म्हणतो. आम्हीच कारकून असल्यामुळे हे खात्रीने सांगतो.

घरगुती फोटोंसाठी बहुतेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये 'गुगल फोटोज' असते. १ जून २०२१ पूर्वी तेथे थोडे हलके केलेले फोटो हवे तितके फुकट ठेवता येत. आता सगळे मिळून १५ जीबी जागा फुकट आहे आणि तीत ई-मेलही मोजला जातो. दोन गोष्टींत आपली माणसे फसतात. 'बॅकअप' झालेला फोटो मोबाईल रिकामा करायचा म्हणून त्याच ॲपमधून पुसला, तर तो दूरच्या जागेवरूनही पुसला जातो. ६० दिवस कचरापेटीत राहतो, नंतर गेला तो गेला. फक्त मोबाईल रिकामा करायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. पण तसे केल्यावर मूळ फोटो मोबाईलमध्ये राहत नाही आणि रेंज नसलेल्या गावी पुन्हा तोच अंधुक चौकोन नशिबी येतो. आहुप्यासारख्या गावी जे फोटो लागणार आहेत ते मोबाईलमध्येही ठेवावेत. दुसरी गोष्ट खात्याच्या पासवर्डची. खाते मुलाने उघडलेले, पासवर्ड त्याच्याच डोक्यात, आणि मुलगा नोकरीसाठी परगावी! तो पासवर्ड घरातील वहीत लिहून ठेवावा. दोन वर्षे खाते वापरलेच नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते, हेही लक्षात असू द्यावे.

हे सारे अवघड वाटणाऱ्यांनी निदान एवढे करावे. कुटुंबातील दोन वेगवेगळ्या गावी राहणाऱ्या माणसांच्या मोबाईलमध्ये तीच मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी आणि दोघांनीही ती उतरवून घेतली की नाही हे फोनवर विचारून घ्यावे.

आमच्या माता-भगिनींसाठी दोन शब्द वेगळे सांगावयाचे आहेत. फोटो उतरविणे जसे आपल्याला सोपे आहे तसे ते दुसऱ्यालाही आहे. ग्रुपवर टाकलेला मुलीचा फोटो ग्रुपमधील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये जातो आणि आपण आपल्याकडचा पुसला तरी त्यांच्याकडचा राहतो. हळदी-साखरपुड्याचे फोटो टाकण्यापूर्वी ज्या मुलीचा फोटो आहे तिला विचारावे. काही घरांत तिला सोडून सर्वांना विचारले जाते. कोणी फोटोचा गैरवापर केला तर मुलीला घरात कोंडू नये. पुरावा म्हणून ते निरोप जपून ठेवावेत आणि पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार करावी. यात लाज गैरवापर करणाऱ्याला वाटावयास हवी.

दुसरे म्हणजे लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या फाइली. फोटोच्या फाइलचे शेपूट 'जेपीजी', 'जेपीईजी' किंवा 'पीएनजी' असते, कागदपत्राचे 'पीडीएफ'. शेपूट 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे. ते मोबाईलमध्ये घुसणारे ॲप आहे आणि त्यातून बँकेचे पैसे गेल्याच्या तक्रारी २०२४ पासून अनेक राज्यांत झाल्या आहेत. ओळखीच्या नंबरवरून आली तरी ती उघडू नये, कारण त्या ओळखीच्या माणसाचाच मोबाईल आधी फसलेला असू शकतो. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

आता राहिला आजोबांचा फोटो. आहुप्यात एका घरी म्हातारीने आपल्या गेलेल्या मालकाचा फोटो मोबाईलवर दाखविला. एका लग्नातील गर्दीच्या फोटोत ते मागच्या रांगेत उभे होते, डोक्यावर टोपी, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या खांद्याआड. एवढाच फोटो. तो तिच्या नातवाच्या मोबाईलमध्ये होता आणि नातू पुण्याला गेला की तीन-तीन महिने तो पाहायला मिळत नसे. नातवाने मूळ फाइल घोडेगावच्या स्टुडिओत नेऊन तेवढा भाग मोठा करून घ्यावा असे आम्ही सुचविले. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत नेल्यास चेहरा फुटतो, म्हणून लग्नाचे फोटो ज्याने काढले त्याच्याकडूनच फाइल मागवावी. प्रिंट हाती आली की तिच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. बॉलपेनने दाबून लिहिल्यास त्याचे वळ पुढच्या बाजूस उमटतात.